उजेड रस्त्यावर पडू द्या

प्रति,
मा. आयुक्त,
भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका

विषय : दिवाबत्तीच्या पुढच्या कामात दिव्याचा रंग, कल आणि आडोसा आधीच ठरवून घेण्याबाबत

आयुक्त महोदय,


दिव्यांबद्दल आपल्याकडे येणारी पत्रं बहुतेक अंधाराची असणार. अमुक नाक्यावरचा खांब बंद, तमुक गल्लीत काळोख, मुली क्लासवरून परतताना घाबरतात. त्या पत्रांचा नंबर माझ्या आधी लागायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्याच फायलीत एक उलटं पत्रही असावं म्हणून हे लिहितो आहे. जो दिवा रस्त्यासाठी लावला आणि पेटतो मात्र कुणाच्या तरी उशाशी, त्या दिव्याबद्दल.

भिवंडीत हे बोलणं सोपं नाही. या गावाने भारनियमनाच्या रात्री काढल्या आहेत. वीज गेली की माग थांबायचे, आणि माग थांबले की बाजारही थांबायचा. २६ जानेवारी २००७ पासून इथलं वीजवितरण टोरंट पॉवरकडे आलं. देशातला तो पहिला वितरण फ्रँचायझीचा करार. त्याआधीचा काळ ज्यांना आठवतो, त्यांच्यासमोर ‘दिवा जास्त झाला’ म्हणणारा माणूस विक्षिप्तच ठरतो. ‘काय मास्तर, आता उजेडाचाही त्रास होतो का तुम्हाला?’ हा प्रश्न मी हसून ऐकून घेतो. उत्तर असं आहे, की हो, होतो. फक्त मला नाही, आणि उजेडाचा नाही, चुकीच्या जागी पडलेल्या उजेडाचा.

आपल्या जुन्या वस्त्यांची मापं आपण पाहिली असतीलच. समोरासमोरच्या गॅलऱ्यांमधून कालवणाची वाटी पलीकडे देता येईल, एवढी गल्ली. तिथे खांब भिंतीला चिकटूनच उभा राहणार, दुसरी जागाच नसते. सात-आठ मीटर उंचीवरचा दिवा म्हणजे बरोबर दुसऱ्या मजल्याची खिडकी. पूर्वी तिथे ट्यूबलाइट असायची, मोठ्या रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे. ट्यूब खिडकीत आली तरी तिच्यात जोर नव्हता. मग एलईडी आले. केंद्र सरकारचा राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत देशभरातल्या शहरांच्या खांबांवरचे दिवे बदलले. वीज वाचली, दिवे टिकू लागले, हे मान्य. माझं एलईडीशी भांडण नाही. उलट एलईडीसारखा आज्ञाधारक दिवा दुसरा नाही. तुम्ही सांगाल तिथेच तो उजेड टाकतो. सांगायचं मात्र राहून जातं.

होतं असं, की खांबावरचा पाइप वर वाकलेला असतो आणि दिवा त्याच वाकाला धरून बसवला जातो. तोंड जमिनीकडे राहायच्या ऐवजी समोरच्या इमारतीकडे उचललं जातं. उजेड लांबपर्यंत जावा, हा त्यामागचा हेतू. लांब तो जातोही, पण रस्त्यावर नाही, भिंतीवर. दिव्याच्या मागच्या बाजूला आडोसा नसतो, त्यामुळे ज्या घराला खांब टेकलेला आहे त्या घराच्या पाठीतही उजेड शिरतो. आणि रंग पांढराफटक, निळ्याकडे झुकलेला. खोलीत दिवा न लावता पेपर वाचता येईल असा. काही जण याला सोय म्हणतात. त्यांनी त्या खोलीत झोपून बघावं.

गल्लीला उजेड किती लागतो, याचा हिशोब आपल्या देशात फार पूर्वीच झालेला आहे. सार्वजनिक रस्त्यांच्या प्रकाशयोजनेसाठी आयएस १९४४ नावाचं भारतीय मानक आहे. अत्यंत वर्दळीच्या, वेगवान रस्त्यांना ते सरासरी ३० लक्स उजेड सांगतं. बऱ्यापैकी वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांना ८ लक्स, आणि कमी रहदारीच्या अंतर्गत रस्त्यांना अवघे ४. पौर्णिमेचं स्वच्छ चांदणं एक लक्सही भरत नाही, तेव्हा ४ लक्स म्हणजे काळोख नव्हे. २०१० सालची राष्ट्रीय प्रकाशयोजना संहिताही आहे, तिच्यात डोळे दिपू नयेत यासाठी काय करावं तेही लिहिलं आहे. लक्स मोजायचं यंत्र फार महाग नसतं. आपल्या विद्युत विभागाच्या अभियंत्यांनी एखाद्या रात्री ते घेऊन फिरावं. एकाच प्रभागात एका खांबाखाली गरजेच्या कितीतरी पट उजेड आणि पुढच्या वळणावर शून्य, असं दिसलं तर मला नवल वाटणार नाही. अंधाराची पत्रं आणि माझं पत्र ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. उजेड वाटला गेला नाही, नुसता ओतला गेला.

आता भिवंडीबद्दल, कारण हीच गोष्ट ठाण्याच्या एखाद्या बंगल्यातून लिहिली असती तर तिला वेगळा वास आला असता. हे यंत्रमागांचं गाव आहे. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेला माणूस दिवसभर किंवा रात्रभर मागाच्या खडखडाटात उभा राहतो, भिस्सीत जेवतो आणि दहा-बारा जणांच्या खोलीत पाठ टेकतो. भिस्सी म्हणजे कामगारांची खानावळ, महिन्याच्या हिशोबाची. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलं. पुष्कळ खोल्यांत एकच वळकटी दोघांत चालते. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा तिथे आडवा होतो. पंखा असतो, पण हवा खिडकीतूनच येते. मे महिन्यात इथली खिडकी बंद करणं म्हणजे काय, हे इथल्या दमट रात्री काढलेल्याला सांगावं लागत नाही. त्यामुळे ‘पडदा लावा की’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. पडदा उजेड अडवतो आणि वाराही. आणि रस्त्याच्या दिव्यासाठी घराघरांत पडदे शिवायचे असतील, तर तो खर्च दिवाबत्तीच्या लेखाशीर्षात दाखवायला हवा.

रात्रपाळीच्या कामगाराला कुणी सूर्य विझवून देऊ शकत नाही. दिवसपाळीच्या कामगाराला दिवा वळवून देता येतो, आणि ते आपल्या हातात आहे. अर्धवट झोपेतला माणूस सकाळी सात वाजता चालत्या मागापाशी उभा राहतो, तेव्हा त्याची बोटं कुठे असतात याचा विचार करावा.

झोप आणि उजेडाचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. डोळ्यात रात्री उजेड, त्यातही निळसर उजेड गेला, की मेंदू मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक कमी करतो आणि शरीराला दिवस असल्यासारखं वाटतं. शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात टाकलं. ते वर्गीकरण रात्रपाळीचं आहे, रस्त्यावरच्या दिव्याचं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. उगाच भीती घालायची नाही. पण ज्या शहराची निम्मी माणसं रात्रपाळीने आधीच मोडलेल्या झोपेवर जगतात, तिथे उरलेल्या निम्म्यांची रात्र तरी रात्र राहावी, इतकंच मागणं आहे. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने २०१६ मध्ये रस्त्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे, आडोसा असलेले दिवे वापरावेत अशी शिफारस केली. केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. जुना सोडियमचा दिवा साधारण २००० चा. दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या पुढचं. आपल्याकडे मध्यरात्री दुपार लावायची सवय पडली आहे.

यावर हमखास येणारी हरकत सुरक्षिततेची असते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बायकांना, मुलींना, रात्री पाळी सुटून चालत जाणाऱ्यांना उजेड हवाच. पण डोळ्यांवर येणारा दिवा सुरक्षित करत नाही. धामणकर नाका किंवा अंजूर फाट्याकडे रात्री दुचाकीवरून येताना समोर प्रखर दिवा आला की त्याच्या अलीकडचा खड्डा दिसेनासा होतो. भिवंडीचे खड्डे या पत्राचा विषय नाहीत, नाहीतर पत्र संपणार नाही. पण खड्डा बुजेपर्यंत तो दिसावा, एवढी तरी अपेक्षा ठेवावी की नाही? झगझगीत दिव्यामागची सावली अधिक काळी असते आणि लपायचं असेल तो तिथेच लपतो. खाली पडणारा, सलग, मध्यम उजेड माणसाचा चेहरा दाखवतो. स्त्रीला रस्त्यावर तोच हवा असतो.

हे सगळं परदेशी कौतुक वाटू नये म्हणून महाराष्ट्रातलंच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. देशातला पहिला. आकाश आपोआप काळं झालं नव्हतं. सिल्लारी, पिपरिया, खापा अशा सीमेवरच्या गावांमधले शंभराहून अधिक रस्त्यांवरचे आणि सार्वजनिक दिवे बदलून उजेड खाली पाडणारे दिवे लावले गेले. ती गावं अंधारात गेली नाहीत. दिवे आहेत, रस्ते दिसतात, आणि वर ताऱ्यांचा खच दिसतो. मला भिवंडीत तारे नकोत. गिरण्या-गोदामांच्या गावात ती हौस परवडणारी नाही. पण जे नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत वाघांसाठी आणि दुर्बिणींसाठी जमलं, ते ठाणे जिल्ह्यात मागावरच्या माणसासाठी जमू नये, असं काही नाही.

मुंबईने याचा धडा उलट बाजूने घेतला. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले. ‘राणीचा कंठहार’ म्हणून ओळखली जाणारी ती दिव्यांची रांग फिकी पडली म्हणून इतकी ओरड झाली की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पुढे पिवळसर दिवे परत आले. २०१८ मध्ये तिथल्याच एका जिमखान्याच्या प्रखर फ्लडलाइटबद्दल एका रहिवाशाने तक्रार केली आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने तिची दखल घेतली. २०२४ मध्ये ठाण्यातल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने झाडांना गुंडाळलेल्या रोषणाईबद्दल राज्य सरकारला आणि महापालिकांना नोटिसा काढल्या; पाठोपाठ मुंबई महापालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला सांगितलं. या तिन्ही वेळी बोलणारी माणसं शिकलेली, इंग्रजी पत्र लिहिणारी, वकील गाठू शकणारी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. समुद्रकिनाऱ्याच्या सौंदर्यासाठी रंग बदलता येत असेल, तर भिवंडीतल्या शांतीनगरच्या खोलीतल्या झोपेसाठीही तो बदलता यावा. माझं सगळं म्हणणं खरं तर या एका वाक्यात मावतं.

कायद्याचं म्हणाल तर बाजू लंगडी आहे. आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल हा आकडा आहे आणि तो दाखवून पोलिसांना बोलावता येतं. उजेडासाठी आकडा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, पण एका दिव्यासाठी कामगाराने पाळी बुडवून दंडाधिकाऱ्यांच्या दारात उभं राहावं, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. दुसरीकडे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिली आहे. रस्त्यांवरची, खिडक्यांमधली नव्हे. फ्रान्सने २०१८ च्या अखेरीस रस्त्यांच्या दिव्यांचा रंग आणि कल ठरवून देणारा शासकीय आदेश काढला. आपल्याला फ्रान्ससारखा आदेश लागणार नाही. निविदेची एक अट पुरेल.

खासगी दिव्यांचं काय, हेही विचारलं जाईल. रास्त प्रश्न आहे. कारखान्याच्या भिंतीवर, गोदामाच्या फाटकावर, जाहिरातीच्या फलकावर, सोसायटीच्या गच्चीवर लावलेले दिवे, ज्यांना आपण सगळे सरसकट ‘हॅलोजन’ म्हणतो, ते महापालिकेच्या खांबांपेक्षा जास्त छळतात. शहराबाहेर मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे, वळ या गोदामांच्या पट्ट्यात तर ग्रामपंचायती आणि एमएमआरडीए यांच्यामध्ये हा विषय कुणाच्याच टेबलावर नसतो. पण यातले बरेच दिवे दुष्टपणाने लावलेले नाहीत. आमच्या शेजारच्या एका कारखान्याचा दिवा असाच समोरच्या चाळीवर रोखलेला होता. मालकाशी चहावर बोलणं झालं. त्यांनी पोराला शिडी आणि पाना आणायला सांगितला, दिव्याचं तोंड खाली केलं, आणि स्वतःच म्हणाले, की आता फाटकाचं कुलूप नीट दिसतं. आधी रखवालदाराच्याच डोळ्यांवर तो यायचा. सगळेच इतके समजूतदार नसतात, म्हणून नियम लागतो. परवाना देताना आणि नूतनीकरण करताना ‘दिव्याचा झोत स्वतःच्या आवाराबाहेर जाऊ नये’ हे एक वाक्य घालणं महापालिकेला जमण्यासारखं आहे. सणांची रोषणाई यातून वगळा. रमजान, गणपती, नवरात्र, मोहरम. ते उजेड चार दिवसांचे असतात आणि त्यावर कुणी तक्रार करत नाही, करूही नये.

मग नेमकं मागणं काय? सगळे दिवे बदला, असं मी म्हणणार नाही. त्यात पैसा जाईल आणि पुन्हा घाईत तीच चूक होईल. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस नावाच्या शहराने २०१४ मध्ये हीच चूक केली. आधी पांढरे एलईडी, मग लोकांची ओरड, मग वस्त्यांमधले दिवे काढून पिवळसर दिवे. एकाच रस्त्यासाठी दोनदा खरेदी. आपल्या तिजोरीला ते झेपणार नाही. आज जे दिवे आहेत त्यांचा कल सरळ करायला शिडीची गाडी आणि एक माणूस लागतो, आणि ती गाडी बंद दिवा दुरुस्त करायला त्या गल्लीत येतच असते. त्याच फेरीत शेजारच्या खांबाचा वाकडा दिवा खाली वळवून घ्यावा. ज्या खिडकीला दिवा भिडलेलाच आहे तिथे मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा बसवावा. गावातला कुणीही पत्र्याचं काम करणारा तो कापून देईल. यापुढे जो दिवा विकत घ्याल तो वस्तीसाठी ३००० केल्विनच्या आतला, सपाट काचेचा, मानकात सांगितला आहे तेवढ्याच उजेडाचा घ्यावा, आणि मोजणी रस्त्यावर करूनच ठेकेदाराचं बिल काढावं. मध्यरात्रीनंतर उजेड अर्ध्यावर आणण्याची सोय आता दिव्यांत मिळते. ज्या गल्लीत त्या वेळी वर्दळ नसते तिथे ती वापरावी, पाळी सुटण्याच्या वाटांवर वापरू नये. कोणत्या वाटा त्या, हे प्रभाग समितीत कुणीही सांगेल.

आणि तक्रारीच्या नोंदीत एक रकाना वाढवावा. ‘दिवा बंद’ या शेजारी ‘दिवा घरात येतो’. तो रकाना असला की लोक लिहितील. आज त्यांना वाटतं, की यावर तक्रार करता येते हेच मुळी कुणाला मान्य नाही. बाकी भाषा कुठलीही असो, मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी. झोप न झालेल्या माणसाची तक्रार सगळीकडे एकाच अर्थाची असते.

दिवाबत्तीच्या पुढच्या निविदेचा मसुदा तयार होईल तेव्हा तो मंजुरीआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा, प्रभाग समित्यांच्या फलकांवर लावावा आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्यात. त्यातली पहिली सूचना म्हणून हे पत्र नोंदवून घ्यावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि करदाता
कामतघर, भिवंडी